गाणं जिथं उतरतं

बजरंगलालनं पियानोवर मूठ आपटली. प्रार्थनाघराच्या खिडकीतली कबुतरं उडून गेली.

"बराबर हाय हे," तो म्हणाला. "गाणं इथून खाली जातं. रोज ऐकून राह्यलो मी, बाई."

"जात नाही, शेठजी," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही सुरू करता एका सुरात आणि संपवता दोन सूर खाली. शिवाय चालही मंदावते. हे जॅझ आहे, नाचायचं गाणं. तुम्ही तर शेवटी अंत्ययात्राच काढता."

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. बजरंगलाल उठला, टोपी घातली आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

पुष्पाबाई मिशनच्या शाळेत शिकवत आणि रविवारी प्रार्थनेला पियानो वाजवत. बजरंगलालचं जालन्यात मस्तगडला कापडाचं दुकान होतं. लहानपणापासून तो देवळात भजनाला पेटी वाजवायचा, त्यामुळे कान पक्का होता. गेले तीन महिने दुपारी दुकान बंद झालं की तो इथं यायचा. त्याला एवढं एकच गाणं हवं होतं.

गाणं त्याच्या बायकोचं, राजकुमारीचं होतं. निजामाची सत्ता गेली त्या पोलीस ॲक्शनच्या साली तिच्या भावानं सिकंदराबादहून ग्रामोफोन आणला होता आणि त्याबरोबर ही एक विलायती तबकडी. राजकुमारी वैशाखात तापानं गेली. तबकडी घासून घासून पांढरी पडली होती. रोज खरखर वाढत होती. उन्हाळ्यापर्यंत नुसती खरखरच उरेल, हे बजरंगलालला दिसत होतं. मग ते गाणं जालन्यात कुठंच राहणार नव्हतं. त्याआधी ते बोटांत बसायला हवं होतं.

घरी भावजय लाडबाई म्हणाली, "देवरजी, लोक दुसरी बायको आणतात. तुम्ही बाजा शिकून राह्यले."

"तुम्ही तुमची चूल बघा, भाभी," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो टांग्यातून आला. मांडीवर ग्रामोफोन होता. आत येऊन त्यानं तो बाकावर ठेवला आणि चावी फिरवू लागला.

"आज फैसला होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता मी चुकलो. मंग ही तबकडीबी चुकली म्हणायची."

"तुमच्या मंडळींना चांगलंच आवडत असेल हे गाणं," पुष्पाबाई म्हणाल्या. कालच्या शब्दाची त्यांना अजून लाज वाटत होती.

"आवडतं म्हणायची." त्यानं चावी जोरात फिरवली. "पण एकदाबी धड बसून ऐकलं न्हाई तिनं. मी डोळे मिटून पडलेला असायचो. गाणं रंगात आलं की ही उठली. खण खण बांगड्या. किती सांगितलं, एका जागी बस म्हणून. एकदा पाहुण्यांसमोर बोलल्तो, चांगला आवाज चढवून."

"मग?"

"मंग काय? गप राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं असं का करावं? सांगा ना तुम्ही!"

त्यानं सुई ठेवली.

खरखरीतून तुतारीसारखं एक वाद्य वाजू लागलं, मागून पियानो. पुष्पाबाईंचा पाय आपोआप ठेका धरू लागला. बजरंगलाल बोट वर करून उभा होता. गाणं अर्ध्यावर आलं, पुढं गेलं, आणि मग त्याचा सूर घसरू लागला. वाद्य रडल्यासारखं लांबलं.

"ऐका!" तो ओरडला. "गेलं का न्हाई खाली?"

पुष्पाबाई उठल्या. बाकाजवळ गेल्या, वाकल्या आणि गाणं चालू असतानाच चावी फिरवू लागल्या. एक, दोन, तीन, चार. सूर चढत गेला. चाल पुन्हा भरभर झाली.

"हात लावू नका!"

"स्प्रिंग जुनी झालीय, शेठजी," त्या फिरवतच म्हणाल्या. "एका चावीत पूर्ण तबकडी होत नाही हिची. मध्ये उठून पुन्हा द्यावी लागते."

बजरंगलालचं बोट तसंच हवेत राहिलं. राजकुमारी होती तोवर त्यानं ग्रामोफोनला कधी हातच लावला नव्हता. ती गेल्यावर रोज ऐकायचा, पण चावी सुरुवातीला एकदाच द्यायचा. गाणं शेवटाकडं निघालं होतं. कुठंच उतरलं नाही. पियानोनं भराभर चार उड्या मारल्या आणि ते सुरू झालं होतं त्याच सुरावर येऊन थांबलं. सुई शेवटच्या रेघेत खर्र खर्र करत राहिली.

"तोंड न्हवतं का?" तो एकदम ओरडला. "सांगायला काय झाल्तं? पाच वर्षं!"

तो पुष्पाबाईंकडं बघत नव्हता. त्याची मान तांबडी झाली होती. त्यानं बाकाला लाथ मारली. सुई तबकडीवरून कर्रकन सरकली. पुष्पाबाईंनी पटकन ती उचलून घेतली. बाहेर टांगेवाला आत डोकावून गेला.

सुई बाजूला ठेवून पुष्पाबाईंनी विचारलं, "पाणी देऊ?"

त्यानं नको म्हणून मान हलवली. पियानोपुढं बसला. सुरुवातीपासून वाजवत, अडखळत, गाणं उतरायचं त्या जागेपर्यंत आला. तिथं त्याचं बोट खालच्या पट्टीकडं निघालं होतं. त्यानं ते थांबवलं. होती तीच पट्टी दाबून धरली. बोट हललं नाही, तरी आवाज कमी कमी होत संपला.

"बाई," तो म्हणाला. "पुढची कोणती?"