मथुरानं कडी काढली का?

मी एक कादंबरी बोलतेय. नाव विचारू नका, मुखपृष्ठ केव्हाच गेलं आणि लेखकाचं नावही त्याच्याबरोबर गेलं. सध्या माझा मुक्काम तेरखेड्याला, फटाक्यांच्या एका कारखान्यात, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. माझं एकच पान उरलंय आणि मला फार भीती वाटतेय, तेव्हा जरा भरभर बोलते.

उभं आयुष्य इथून जवळच, तालुक्याच्या वाशी गावातल्या एका वाचनालयात गेलं. तिथले ग्रंथपाल गुरुलिंग माणसाचं तोंड बघून पुस्तक द्यायचे. मला कधी वाचलं नव्हतं त्यांनी, पण शिफारस अशी करायचे की बोलायची सोय नाही. "ही न्या, लई रडवती," म्हणायचे. न वाचणाऱ्याचं मत नेहमीच ठाम असतं, हे मी तिथं शिकले. वाचणारेही काही कमी नव्हते. एकानं समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'भिकार'. दुसऱ्यानं त्याच्याखाली लिहिलं, 'तू लिहून दाखव'. मला दोघंही आवडायचे, कारण त्यांनी निदान तिथवर वाचलं होतं.

मग मी बसप्पांच्या हाती पडले. भुसारमालाचे व्यापारी, मूळचे कर्नाटकाच्या शिवेवरचे. गादीवर बसून मन लावून वाचलं त्यांनी, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून. शेवट वाचला आणि भडकले. "साकु, पुरे झालं," असं म्हणत शेवटची पानं टराटरा फाडली आणि उरलेली मी परत केली. गुरुलिंगांनी जाब विचारला, तर म्हणाले, "असला शेवट कुणाच्या लेकीसुनंच्या हाती पडाया नको." पुस्तकावर मत द्यायची हीसुद्धा एक तऱ्हा.

ती पानं गेली आणि त्यांच्यावरचं सगळं माझ्या आठवणीतूनही गेलं. माझा शेवट काय होता, ते आता मलाच ठाऊक नाही. बिनशेवटाची कादंबरी कोण नेणार? खालच्या फळीवर पडून राहिले, आणि एक दिवस रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली गेले.

तेरखेड्यात रद्दीला मान आहे. फटाक्याची नळी कागदाचीच वळतात. चार बायका मांडी घालून बसतात, खळ लावतात, कागद गुंडाळतात. त्यात गावात नवीच सून आलेली शिवांजली, बारावी झालेली. माझं पान फाडायच्या आधी तिची नजर त्याच्यावरून फिरायची. एकदा ती मोठ्यानं वाचायला लागली, आणि लक्ष्मीबाई म्हणाली, "वाच की गं. हातबी चालत्यात, कानबी चालत्यात."

लक्ष्मीबाई तिथली सगळ्यात जुनी. तिनं एक शेड जळताना डोळ्यांनी पाहिलीय. मालकाचा पुतण्या रणधीर सारखा दारात मोबाईल घेऊन उभा. "हे गाणं ऐका, एक नंबर हाय. हा पिच्चर बघा, सुतळी बॉम्ब हाय," असं त्याचं चालू. या गावात सगळ्याची पारख फटाक्याच्या बारावरूनच होते. पिक्चर चांगला तर सुतळी, बरा तर लवंगी, आणि पडला तर फुसका. लक्ष्मीबाई त्याला उंबऱ्यावरच अडवायची. "मोबाईल आत आणायचा न्हाय, रणधीर. तुझ्या चुलत्याला सांगीन."

पान वाचलं की नळीत जायचं, पण मोठ्यानं वाचलेलं तेवढं माझ्या आठवणीत राहायचं. माझं पहिलं प्रकरण एव्हाना कुठल्या तरी लग्नात फुटलंही असेल. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं फळीवर पडून जे मिळालं नाही, ते इथं मिळत होतं. एक बाई वाचत होती आणि तिघी कान देऊन ऐकत होत्या.

दसरा जवळ आला तसा माल वाढला. पलीकडची दारू भरायची शेड गळायला लागली, म्हणून मालकानं दारूच्या पराती उचलून आमच्याच शेडमध्ये आणल्या. जमिनीवर काळी भुकटी सांडायला लागली. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. कारण मला एक गोष्ट पक्की समजली होती. या बायांना कामात काहीतरी ऐकायला लागतं. मी आहे तोवर मोबाईल उंबऱ्याबाहेर. मी कंटाळवाणी झाले, की तो आत.

आणि माझ्या मधोमध नदीचं वर्णन होतं. लेखकाला काय सुचलं होतं कुणास ठाऊक, पानंच्या पानं नुसतं पाणी वाहतंय. माणूस नाही, काणूस नाही. वाशीचे निम्मे वाचक त्याच पाण्यात बुडाले. शिवांजली तिथं पोचली तशा बाया जांभया द्यायला लागल्या.

रणधीर दारातच होता. "फुसका बार निघाली तुमची कादंबरी. गाणी लावू का आत येऊन?"

"थांब जरा," लक्ष्मीबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

शिवांजलीनं एकवार त्या परातींकडं पाहिलं. मग नदीची सगळी पानं न वाचताच उचलली, बाजूच्या बाईपुढं ठेवली आणि म्हणाली, "ही वळा. इथं नुसतंच पाणी हाय." अपमान झाला माझा, पण काय सांगू, जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं कुणीतरी हे करायलाच हवं होतं.

तिथून पुढं माझी गोष्ट धरते. मथुरा नावाची बाई. नवरा परागंदा झालेला. तिनं एकटीनं तेलाचा घाणा चालवला, दिराशी भांडून घर राखलं. आणि बारा वर्षांनी तो नवरा दारात येऊन उभा राहतो, सोबत दुसरी बायको, आणि म्हणतो, पाणी दे. बस्स, शेड पेटून उठली. हाय हाय, काय शब्द वापरला मी. शेडमध्ये वाद रंगला, असं म्हणते.

"उघडू नकू गं बाई," लक्ष्मीबाई माझ्या पानाकडं बघून म्हणायची, जणू मथुरा तिथंच बसलीय.

"पाणी तर द्यावं. पाण्याला न्हाय म्हणू नये," खळ लावता लावता गायत्री म्हणायची. तिचा नवरा ऊसतोडीला गेला तो दोन हंगाम आला नव्हता.

"पाणी द्यावं की. पर खिडकीतनं," शिवांजली म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

रणधीरकडं कुणी बघेना. तो दारात उभा राहून कंटाळायचा आणि निघून जायचा. मला वाटलं, जिंकले मी. दिवाळीपर्यंत तारून नेईन या बायांना.

आज दुपारी शिवांजलीनं माझं शेवटचं पान हातात घेतलं. वाचलं, 'बाहेरून पुन्हा हाक आली. मथुरानं कडीला हात घातला आणि'. तिनं पान उलटलं. मागं काही नव्हतं. तिनं गठ्ठा उचकटला, खालचं, वरचं सगळं बघितलं.

"पुढं?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"न्हाय पुढं. फाडलंय कुणीतरी."

सगळ्यांचे हात थांबले. गायत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं कसं? उघडलं का न्हाय तिनं?" कुणी म्हणालं उघडलं असणार, कुणी म्हणालं शक्यच नाही, आणि आवाज चढले. शिवांजली म्हणाली, "आपणच ठरवू की." ते कुणाला पटेना. त्यांना खरा शेवट हवा होता, छापलेला.

आणि मग लक्ष्मीबाई बोलली. तिनं दाराकडं मान वळवली. "रणधीर, तुझ्या त्या मोबाईलात असंल का रं ही गोष्ट?"

मी बसप्पांना कितीदा तरी माफ केलं होतं. आज नाही करू शकत.

"असतंय की," रणधीर म्हणाला. त्याचा चेहरा फुलला. "आख्खी पुस्तकं दहा मिन्टात सांगत्यात लोकं. नाव काय?"

"नाव न्हाय. मथुरा, तेलाचा घाणा, असं टाक."

तो टाकतोय. मोबाईल सकाळपासून चालू आहे, तापलाय, त्याला चार्जिंगची वायर लोंबतेय, तिचं दुसरं टोक खिशातल्या पॉवर बँकेच्या डबीत. कुणा माणसाचा आवाज येतोय, "मित्रांनो, आज आपण बघणार आहोत..." लक्ष्मीबाई कानामागं हात धरतेय. तो कान तिचा त्या जळालेल्या शेडमध्ये गेला.

"मला ऐकू येईना. आत ये की जरा."

शिवांजली म्हणाली, "काकू, मोबाईल..." लक्ष्मीबाईनं हातानंच तिला गप्प केलं. "दोन मिन्टं, गं. मथुराचं काय झालं तेवढंच."

वाचकहो, माझी दुसरी प्रत कुणाच्या घरी असेल, माळ्यावर, ट्रंकेत, कुठंही, तर हात जोडते, शेवटचं पान उघडा. चांगलं असो, वाईट असो, ज्यानं बसप्पांचं टाळकं फिरलं ते असो. पळत या, शेडच्या बाहेरच उभे राहा आणि तिथूनच मोठ्यानं वाचा. मथुरानं कडी काढली का नाही, एवढं एक वाक्य पुरे. पण आत्ता या. रणधीरनं चपला काढल्यात, तो उंबरा ओलांडून आत आलाय, आणि लक्ष्मीबाई परात बाजूला सारून त्याला आपल्याशेजारी जागा करून देतेय.