डाव्या हाताचा रंधा

मास्तर निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच त्यांनी विमान बांधायला काढलं. खेळण्यातलं नव्हे, माणूस आत बसून उडेल असं, लाकडाचं. उभ्या जन्मात ज्या माणसाने भिंतीत एक खिळा सरळ ठोकला नव्हता तो विमान बांधणार म्हटल्यावर त्यांच्या बायकोला, काकूंना, आधी हसू फुटलं आणि मागोमाग धास्ती वाटली. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, दुसरं काय! पण लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला, "लागू दे ना छंद, आई. तुझं डोकं तरी खाणार नाहीत."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून गावभर ते मास्तर. काकू घरीच लोकांचे कपडे शिवत. मास्तर त्यांना 'हेडबाई' म्हणायचे, कारण घरात शिस्त त्यांची चालायची.

विमानाचे नकाशे टपालाने आले आणि घराचा नूर पालटला. वखारीत जाऊन मास्तर एकेक फळी डोळ्यासमोर धरायचे, एक डोळा मिटून तिची नस सरळ आहे का बघायचे, गाठ दिसली की बाजूला. शेवटी वखारवाला वैतागला. "मास्तर, फळी निवडताय की जावई?" मास्तर म्हणाले, "जावई पडला तर एकटा पडतो. फळी पडली तर मी तिच्याबरोबर पडतो."

नकाशांसोबतच्या पुस्तिकेत एक रीत सांगितली होती, ती मास्तरांना फार आवडली. गोंद कालवला की खऱ्या कामाबरोबर दोन फालतू तुकडेही त्याच गोंदाने चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी हातोडीने फोडून बघायचे. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. सांधाच उघडला तर आदल्या दिवसाचं सगळं काम मोडून टाकायचं, हळहळायचं नाही.

"हेडबाई, लग्नाआधी आपणही असा एक तुकडा फोडून बघायला हवा होता."

"बघितला असता तर तुमचंच लाकूड फाटलं असतं," काकू म्हणाल्या, आणि दोघं खूप हसली. त्या दिवसांत दोघं बरीच हसायची.

अडलं ते हत्यारांपाशी. रंधा, पटाश्या, बारीक दाताच्या करवती आणि क्लॅम्प. क्लॅम्प तर कितीही आणा, गोंद सुकेपर्यंत धरून ठेवायला एक कमीच पडतो. दुकानातली नवी हत्यारं मास्तरांच्या मनात भरेनात. मग हार्डवेअरवाल्यानेच सांगितलं, की पलीकडच्या रस्त्यावरचा चष्मेवाला नुकताच वारला, तोही असलंच काहीतरी बांधत होता, बायकोला सगळं काढून टाकायचं आहे. आयतं मिळतंय म्हटल्यावर मास्तर कसले थांबतात!

चष्मेवाल्याच्या घरामागच्या खोलीत पाऊल ठेवलं आणि काकूंना थंडी वाजल्यासारखं झालं. मधोमध विमानाचा सांगाडा उभा होता. पंखांच्या फासळ्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या. हत्यारं तेलकट फडक्यांत गुंडाळून खणांत निजवलेली. कोपऱ्यात एक खोकं, त्यात मोडक्या फासळ्यांचा ढीग. खोलीत ना धूळ होती ना जाळं. माणूस आत्ताच पाणी प्यायला उठून गेला असावा, इतकं सगळं जागच्या जागी.

काकूंनी रंधा उचलला. मुठीला वापरून वापरून अंगठ्याचा खळगा पडला होता, पण भलत्याच बाजूला. काकूंचा हात त्यात बसेना. शिवणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. त्या आपल्या कात्रीला लेकीलाही हात लावू देत नसत. कात्री एका हाताची असते, दुसऱ्या हाती गेली की रुसते, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, हा डावखुऱ्याचा रंधा आहे. तुमच्या काय कामाचा?"

"हत्यार ते हत्यार. होईल सवय," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे सांगाड्यावरून हलत नव्हते.

चष्मेवाल्याची बायको दारातच उभी होती. आत पाऊल टाकत नव्हती. तिने विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

"शिवणकाम."

तिने नजर जमिनीकडे वळवली. मग म्हणाली, "सगळंच घेऊन जा. सुटं सुटं मी देणार नाही." भाव तिने केलाच नाही, जे दिलं ते घेतलं.

सांगाड्यासकट सगळं सामान परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं आणि मास्तरांच्या हाताला गुण आला. गुण आला म्हणजे किती? त्यांचा रंधा फळीवरून फिरला की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल निघे, अखंड. काकू दारात उभ्या राहून कौतुकाने बघत. बघता बघता एके दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की रंधा डाव्या हातात आहे.

म्हटलं, सवय झाली. मग चमचा डाव्या हातात आला. घड्याळ उजव्या मनगटावर गेलं. 'हेडबाई' ही हाक बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कुठली आली नाही. चहा ठेवला की "हं", जेवायला बोलावलं की "हं". मास्तर पूर्वी घरात इतकं बोलत की काकू शिवणयंत्राचा आवाज मुद्दाम वाढवायच्या. आता यंत्र थांबवून त्या कान देत, तर शेडमधून नुसती रंध्याची सरसर. आणि रोज सकाळी, चाचणीचा तुकडा फोडायचा तो हातोडीचा एक घाव.

काकूंनी एक दिवस पाटी-खडू आणला आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. "तुमचा पोपट काढून दाखवा." हात न उचलता एका रेघेत पोपट काढायचा ही मास्तरांची खासियत होती, रडक्या पोराला गप्प करायला ते हमखास काढायचे. मास्तरांनी खडू घेतला, डाव्या हातात. पाटीवर एक लांब वळणदार रेघ ओढली, खाली दुसरी, आणि दोन्ही टोकांना जोडल्या. ती होडी होती. सुरेख, नेमकी होडी. पाण्यात सोडली तर तरंगेल अशी.

"पोपट," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. दारावर आलेल्या अनोळखी बाईकडे सभ्य माणूस बघतो तसं. "कोणता?"

त्या रडल्या नाहीत. चपला सरकवल्या आणि भरदुपारी चष्मेवाल्याच्या बायकोचं दार गाठलं.

घरामागची ती खोली आता रंगवली होती, खिडकीत फुलझाडं ठेवली होती. बाईची तब्येत सुधारलेली दिसत होती. काकूंना बघून तिने मान खाली घातली, बसायला खुर्ची दिली.

"वहिनी, तुमचे मालक डावखुरे होते का?" काकूंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हत्यारं घेतली तेव्हा नव्हते. आम्ही ती एका म्हातारीकडून घेतली, तिचा बाप होड्या बांधायचा. तो डावखुरा. होड्या बांधता बांधता त्याला उडायचं वेड लागलं. त्याची बायको शिडं शिवायची, ती पंखांवर कापड शिवणार होती. ते अर्धवट राहिलं, दोघंही गेली."

"आणि तुम्ही हे आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता?" मग तिचाच आवाज पडला. "चुकलंच माझं. खोली रिकामी करायची घाई झाली होती. माझा माणूस वारला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही हो, ताई. ज्याच्यासाठी रडायचं तो केव्हाच निघून गेला होता."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "मग विमान पुरं का नाही झालं?"

"माझा माणूसच ते मोडायचा. दिवसभर डाव्या हाताने फासळी बांधायची, आणि कधीतरी उजव्या हाताने हातोडी उचलून तीच फोडायची. मी चिडायची, भांडायची. वेड लागलंय म्हणायची." तिने पदराने डोळे पुसले. "आता वाटतं, तो उजवा हात तेवढा माझ्या नवऱ्याचा उरला होता. होता नव्हता तेवढा तो अडवत होता. आणि मी त्याच्या हातातून हातोडी काढून घ्यायची."

निघताना ती दारापर्यंत आली. "मलाही शिवायला सांगायचा. मला सुई धरता येत नाही म्हणून वाचले. तुम्ही त्या सामानातली सुई हातात घेऊ नका, ताई. पाया पडते."

परतताना काकूंनी मनाशी पक्कं केलं. शेडमध्ये जायचं, हातोडी मास्तरांच्या उजव्या हातात द्यायची आणि म्हणायचं, फोडा. सांधा उघडो नाहीतर लाकूड फाटो, मला माझा माणूस परत पाहिजे. नुसतं मनाशी घोकूनही त्यांना धीर आला.

शेडच्या पत्र्यांच्या फटींतून तिरपं ऊन आत आलं होतं. दोन्ही पंख लाकडी घोड्यांवर आडवे ठेवलेले, त्यांच्यावर पांढरं कापड ताणून चिकटवलेलं. फक्त ते फासळ्यांना शिवायचं बाकी होतं. टेबलापाशी तो उभा होता. टेबलावर फडकं उलगडलेलं, त्यात हातभर लांब सुई आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा. शीड शिवताना सुई रेटायला बांधतात तसला. शेजारी हातोडी.

काकूंनी हातोडी उचलली. त्याचा उजवा हात टेबलावर सुस्त पडला होता. त्यांनी त्याची बोटं एकेक करून दांड्याभोवती मिटवली आणि वर आपला हात दाबून धरला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी आहे. फोडा."

बोटं हलली. खरंच हलली. पहिल्या बोटावर ब्रश धरून धरून पडलेला घट्टा काकूंच्या हाताला लागला आणि त्यांना भडभडून आलं. मास्तर होते. खोल कुठेतरी, पण होते.

तेवढ्यात त्याने मान वर केली आणि तो काकूंकडे बघून हसला. किती महिन्यांनी त्या चेहऱ्यावर त्यांच्यासाठी काहीतरी उमटलं होतं! आणि ते नुसतं हसू नव्हतं. फार दिवस वाट बघून शेवटी आपलं माणूस दारात दिसावं, तसा तो बघत होता. असं मास्तरांनीही त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, लग्न नवं असतानाही नाही. काकूंना हे कळत होतं, की हे बघणं आपल्यासाठी नाही. कळूनही त्यांना ते हवंहवंसं वाटलं. शेजारी बसलेल्या माणसाने महिनोन् महिने ओळख दिली नाही की बाई कशाची भुकेली होते, ते जिचं तिलाच ठाऊक.

नुसतं बघू तरी, म्हणून त्यांनी चामड्याचा पट्टा उचलला. तो तळहातावर असा बसला जसा मापानेच शिवलेला. सुई हातात आली, आणि कुठून टोचायची, गाठ कुठे मारायची, दोरा किती ओढायचा, सगळं न विचारता कळलं. कापडाला जुन्या पाण्याचा वास येत होता. काकू आयुष्यात कधी होडीत बसल्या नव्हत्या.

त्यांनी पहिला टाका घातला. मग दुसरा. टाके सुरेख पडत होते.

टेबलावर काहीतरी घासत सरकलं. उजवा हात हातोडी ओढत पंखाकडे येत होता, हळूहळू, पार थकलेल्या माणसाने ओझं ओढावं तसा. ब्रशच्या घट्ट्याचं बोट दांड्याभोवती आवळलेलं होतं. काकूंनी ते पाहिलं. तो हात कुणाचा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी शिवण मोडू न देता वाकून बोटं एकेक करून उलगडली, हातोडी काढून घेतली आणि पायाने टेबलाखाली लोटून दिली. हात जरा वेळ हवेत काहीतरी चाचपत राहिला, मग पडला.

त्याने प्रेमाने हाक मारली. ज्या नावाने मारली ते काकूंचं नव्हतं, घराण्यात कुणाचंही नव्हतं.

"ओ," त्या म्हणाल्या, आणि दोरा ओढून घेतला.