घोणस सोडताना

शहराच्या समा भागातल्या त्या सोसायटीत संयोगिताचं आणि जयवंतरावांचं पहिलं भांडण झालं ते एका मेलेल्या धामणीवरून. धामण बिनविषारी, बिचारी उंदरांच्या मागे आलेली. सेक्रेटरी जयवंतरावांनी वॉचमनला सांगून ती ठेचून घेतली आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. संयोगिता शाळेत विज्ञान शिकवायची आणि वनखात्याच्या परवानगीने वस्तीतले साप पकडून लांब सोडायची. तिने त्याच फोटोखाली लिहिलं की हा गुन्हा आहे आणि सेक्रेटरींना तुरुंगाची हवा खावी लागू शकते. जयवंतरावांचे आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते. तुरुंग हा शब्द त्यांच्या घराण्याला उद्देशून पहिल्यांदाच कोणी वापरला होता. त्यानंतर दोघांचं बोलणं फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये व्हायचं, तेही तिसऱ्याकडे बघून.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात पाण्याच्या पंपामागे घोणस निघाली. चांगली मनगटाएवढी जाड, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, आणि कुकरची शिटी सुटावी तसा फूत्कार. संयोगिताने लोखंडी आकड्याने तिला उचललं, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत अलगद उतरवलं आणि झाकण फिरवलं. बघायला जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. जयवंतरावांनी वाजवल्या नाहीत.

"कुठे सोडणार?" त्यांनी विचारलं.

"सिंधरोट गावाच्या पुढे. मही नदीच्या कोतरांत."

"कशावरून? मागच्या नाल्यात सोडली तर आम्हाला काय कळणार?"

"विश्वास नसेल तर चला बरोबर."

ती हे टोचायला म्हणाली होती. ते खरोखरच घरात जाऊन मफलर आणि काठी घेऊन आले आणि तिच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. बरणी मागे, पोत्यात गुंडाळलेली. वाटेत रस्त्याच्या कडेला पतंगाच्या दोऱ्याला गुलाबी रंग चढवत माणसं बसली होती. जयवंतराव काचेबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही लोक म्हणे स्वतःच साप पाळता, रात्री सोडता आणि सकाळी पकडता. फोटो छापून येतात."

संयोगिताने गिअर बदलला. कानशिलं तापली होती.

महीची कोतरं म्हणजे पावसाने कोरलेल्या मातीच्या उंच भिंती आणि मधून गांडा बावळाची, म्हणजे वेड्या बाभळीची, काटेरी झुडपं. गाडी उभी करून दोघं थोडं आत चालत गेली. एरवी ती बरणी आडवी ठेवायची, सैल केलेलं झाकण आकड्याने सारायची आणि मागे होऊन उभी राहायची. साप आपला आपण निघून जायचा. त्या दिवशीही तिने पोतं काढून बरणी आडवी ठेवली.

"ही घोणसच कशावरून?" जयवंतराव मागून म्हणाले. "मला तर अजगराचं पिल्लू दिसतंय. उगाच विषारी विषारी म्हणून भीती घालायची आणि आपलं महत्त्व वाढवायचं."

संयोगिता वळली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, तिने वर्षभर मीटिंगमध्ये सोसलेलं, ओठांच्या एकाच कोपऱ्यातलं. तिला एकदम वाटलं, हे हसू आज पुसून टाकायचं. इतकंच वाटलं. दुसरा काही विचार तिने केला नाही.

तिने झाकण काढून बरणी उलटी केली, घोणस मातीवर पडताच आकड्याने तिची मान दाबली आणि डोक्यामागे बोटं घट्ट धरून तिला उचललं. दुसऱ्या हातात अंग पेललं. घोणशीने जबडा फाकला. आतला गुलाबी मांसल भाग दिसला आणि वरून दोन लांब, वाकडे दात पुढे आले. एकाच्या टोकावर पिवळसर थेंब जमला.

"या ना जवळ," संयोगिता म्हणाली. "अजगराला असतात का हे? मोजून घ्या."

जयवंतराव मागे सरले. मफलर काट्यात अडकला, काठी हातातून सुटली. हसू गेलं होतं. ती अजून एक पाऊल पुढे गेली आणि त्यांच्या डोळ्यांतली भीती तिने नीट बघून घेतली. तिला बरं वाटलं.

धरलेला साप सोडणं हे धरण्यापेक्षा अवघड असतं, हे ती साप पकडायला शिकणाऱ्या नव्या मुलांना स्वतः शिकवायची. अंग आधी मातीवर टेकवायचं, डोकं सगळ्यात शेवटी, आणि हात झटक्यात मागे. तिने वाकून अंग टेकवलं. लक्ष मात्र अर्धं जयवंतरावांकडेच होतं. बोटं सुटली आणि हात निघण्याआधीच घोणस वळली. उजव्या हाताच्या तर्जनीच्या बुडाशी काहीतरी आपटलं. तापलेली सळई आत घालून फिरवावी तशी कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

घोणस झुडपात शिरत होती. जयवंतरावांनी काठी उचलली.

"मारू नका."

"डॉक्टरला दाखवायला नको?"

"माझ्या फोनमध्ये फोटो आहे. काठी टाका."

"मरायला टेकल्या तरी हुकूम सोडणार," ते म्हणाले, पण काठी टाकली. मफलर काढून ते तिच्या दंडाला आवळायला लागले. तिने डाव्या हाताने तो ओढून काढला.

"बांधायचं नाही. हात जातो त्याने. अंगठी काढा माझी, बोट सुजायच्या आत."

त्यांनी अंगठी काढली. ओढताना ती ओरडली, तरी ते थांबले नाहीत. मग त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला. ती म्हणाली, "इथवर येईपर्यंत आपण निम्मी वाट जाऊ. गाडी चालवा."

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मी गाडीला हात लावलेला नाही."

"मग आज लावा."

त्यांनी लावला. गाडी दोनदा बंद पडली, एकदा बांधावर चढली. जयवंतराव स्टिअरिंगला चिकटून बसले होते आणि सारखे बोलत होते. बाईमाणसाने हे नसते धंदे करावेत कशाला, नवरा रिफायनरीत रात्रपाळ्या करतो आणि ही सापांमागे हिंडते, आता काही झालं तर लोक मलाच विचारणार. संयोगिताने हात मांडीवर स्थिर धरला होता. तो कोपरापर्यंत फुगला होता आणि त्वचा चकाकत होती. तोंडात गंजल्यासारखी चव आली. तिने रुमालावर थुंकलं तर रक्त होतं.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली.

"गप्प बसलो तर तुम्ही झोपाल," जयवंतराव म्हणाले. "शिव्या द्या मला. तेवढं तर येतं."

थोड्या वेळाने ते म्हणाले की त्यांच्या भाच्याचं नर्सिंग होम वाटेत आहे, तिथे ओळख आहे, लगेच घेतील. संयोगिताने नकारार्थी मान हलवली. सापाच्या विषावरची लस तिथे नसणार, सरकारी दवाखान्यातच चला. ते काहीतरी पुटपुटले आणि भाच्याच्या बोर्डावरून गाडी सरळ पुढे नेली. चौकात लाल दिवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पार्किंगवर दंड लावणाऱ्या त्या माणसाने हॉर्नवर हात ठेवून सिग्नल तोडला.

दवाखान्यात तिचं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं. बराच वेळ झाला तरी ते पाण्यासारखंच हलत राहिलं. गोठेना. नर्स गुजरातीत म्हणाली, "बेन, हाथ हलावता नहीं," आणि सलाईनमधून लस सुरू झाली. पुढचं तिला तुटक तुटक आठवतं. उलट्या, थंडी, छताचा पंखा. मूत्रपिंडांनी काम थांबवलं म्हणून डायलिसिस करावं लागलं. तर्जनी काळी पडली आणि शेवटी कापावी लागली. मुकुंद, तिचा नवरा, पलंगाशी बसून असायचा. तो तिच्यावर रागावला नाही आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

तिला वॉर्डात हलवल्यावर जयवंतराव आले. गाडीची किल्ली स्टुलावर ठेवून उभेच राहिले.

"वनखात्याला मी कळवलं आहे," ते म्हणाले. "गरज नसताना तुम्ही साप हातात घेतला. मला घाबरवायला."

"मला इथे आणलंत, आणि माझ्यावरच तक्रार?"

"तुम्हाला तिथे मरायला टाकून आलो असतो तर मी माणूस नव्हतो. आणि हे सांगितलं नसतं तर उद्या तुम्ही परत तेच केलं असतं, कदाचित एखाद्या लहान मुलापुढे."

संयोगिताला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हाताशी फक्त पाण्याचा पेला होता आणि उजवा हात बँडेजमध्ये होता.

"जीव वाचला तो तुमच्यामुळे," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजात तिला ते आरोपासारखं ऐकू आलं.

"माहीत आहे मला," जयवंतराव म्हणाले आणि निघून गेले.

ती घरी आल्यावर वनखात्याचे एक अधिकारी आले. सभ्य माणूस, तिच्या कामाचा आदर असलेला. चहा घेत त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. म्हणाले, "साप बरणीतून निघताना अंगावर आला असेल, नाही का? अशा वेळी हाताने धरावंच लागतं. सेक्रेटरींना तांत्रिक बाबी कळत नाहीत. शिवाय साक्षीदार एकटेच."

मुकुंद तिच्याकडे बघत होता. नुसतं हो म्हणायचं होतं. जयवंतराव खोटे ठरले असते, तेही सगळ्या सोसायटीपुढे. संयोगिताने ते चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि त्यात तिला गंमत वाटली, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "बरणीतून ती निमूट निघून गेली असती. मी धरली. ते म्हणतात ते बरोबर आहे."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. परवानगी काढून घ्यावी लागेल, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. तिने साप पकडायचा आकडा, पाइप आणि पिशव्या त्याच दिवशी त्यांच्या गाडीत ठेवायला लावल्या.

दार लावून मुकुंद आत आला. "इतकी वर्षं केलंस ते सगळं गेलं. गप्प राहिली असतीस तर चाललं असतं."

"त्या माणसापुढे आयुष्यभर खोटं बोलून वावरायचं? ते मला झेपलं नसतं."

"म्हणजे आता तो आवडायला लागला का तुला?"

"अजिबात नाही," संयोगिता म्हणाली, आणि डाव्या हाताने फळ्यावर लिहायची सवय करायला तिने वही पुढे ओढली.