तीनशे चौदाची पाहुणी

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर खोल्या आवरणाऱ्या दोन बायका एकाच नावाच्या निघाल्या, म्हणून एकीला सगळे थोरली म्हणायला लागले आणि दुसरीला धाकटी. दोघींत अंतर फार तर दोन वर्षांचं. धाकटीची लेक आता कॉलेजात जात होती, पण एकदा चिकटलेलं नाव कुठे सुटतं? तर या धाकटीला यंदा बक्षीस मिळालं. वर्षभरात तिच्या खोल्यांची एक तक्रार नाही, एक खोली मागे राहिली नाही, म्हणून तिला एक आख्खा दिवस मोकळा दिला गेला. दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत याच हॉटेलात पाहुणी म्हणून राहायचं, हवं ते मागवायचं आणि इकडची काडी तिकडे करायची नाही.

झालं. जो तो तो दिवस स्वतःलाच मिळाल्यासारखा बोलायला लागला. धुलाईखात्यातला म्हातारा म्हणाला, मी असतो तर बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत गरम पाण्याखाली उभा राहिलो असतो. लिफ्टवाला दर तासाला फोन करून काहीतरी खायला मागवणार होता, भूक असो वा नसो. धाकटीनं नवऱ्याला सोबत चला म्हटलं तर तो म्हणाला, "परक्या गादीवर मला झोप येत नाही. तू जा, आणि घरची आठवण काढू नकोस." सासूबाईंचं मत सगळ्यांत सरळ होतं. "झोप काढ," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुझी झोप पुरी झालेली मी बघितली नाही. त्यातली निम्मी मीच मोडलीय."

थोरली तेवढी काही बोलली नाही. ती नऊ दिवस धाकटीशी बोलतच नव्हती.

कारण धाकटीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर बक्षिसाचा घास तिच्या घशाखाली उतरेना. मागच्या थंडीत तिची आई अकरा दिवस इस्पितळात होती. धाकटी रोज दुपारी मागच्या दारानं सटकायची, आणि थोरली आपल्या चौदा खोल्या करून तिच्या उरलेल्या पाच करायची. कामाच्या तक्त्यावर खूण मात्र धाकटीची पडायची. हे काही नियमात बसत नव्हतं, पण कळलं असतं तरी कोणी फाशी दिली नसती, चार बोलणी बसली असती इतकंच. बक्षीस देताना मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुम्ही कसं जमवलंत?" तेव्हा धाकटीच्या तोंडून थोरलीचं नाव निघालं नाही. "सवयीनं," एवढंच ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या आणि त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी धरली. भांडली असती तर परवडलं असतं, निदान माफी मागायला जागा मिळाली असती.

धाकटीला खोली मिळाली तीनशे चौदा, कोपऱ्यातली. ही खोली तिनं हजार वेळा झाडली असेल, पण तिथल्या खुर्चीत ती कधी टेकली नव्हती. टेकली, आणि समोरच्या आरशाच्या चौकटीवर धूळ दिसली. जित्याची खोड. संध्याकाळपर्यंत चौकट पुसून झाली, खिडकीची खाच पुसून झाली, नळ लखलखीत झाले. जेवण मागवलं तर आणणाऱ्या पोरीला आधी बसवून पाणी दिलं. रात्री गादीच्या अगदी कडेला, चादर चुरगळू नये अशा बेतानं ती झोपली, आणि सकाळी उठल्या उठल्या तिनं अंथरूण पुन्हा होतं तसं करून टाकलं. सासूबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

मग तिला आठवलं, आज या बाजूच्या खोल्या थोरलीकडे आहेत.

पाहुण्यांनी दाराला 'त्रास देऊ नका' अशी पाटी लावली की ती खोली वगळायची, हा हॉटेलचा नियम, आणि वगळलेली खोलीही चौदांत धरली जाते. आवरणाऱ्या बाईला अशी पाटी दिसली की जीव हलका होतो, कारण तिला आयता अर्धा तास मिळतो. धाकटीनं हळूच दार उघडलं, पाटी अडकवली आणि दार लावून घेतलं. दुसरं काही देण्यासारखं तिच्या हातात नव्हतं.

अकराच्या सुमाराला ट्रॉली आली. तिचं एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे ती कुठवर आलीय ते आतून कळत होतं. ट्रॉली दाराशी थांबली, बराच वेळ थांबली आणि पुढे गेली. धाकटीला आधी बरं वाटलं आणि मग अजिबात बरं वाटेना.

वीसेक मिनिटांनी दार वाजलं. पाटी असताना दार वाजवणं म्हणजे सरळ तक्रारीला आमंत्रण. दारात थोरली उभी होती.

"पाटी कुणासाठी लावलीस?"

"तुझ्यासाठी. म्हटलं, तुला तेवढीच एक खोली कमी."

थोरलीनं तिच्याकडे नीट बघितलं. "मला वाटलं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून लावलीस. तिकडच्या खोलीत उशीचा अभ्रा उलटा घातला मी, त्या रागात."

"नऊ दिवस माझं तोंड कोण बघत नव्हतं?"

थोरली आत आली, पलंगाकडे बघून म्हणाली, "हे कोणी केलं?"

"मीच."

"पाहुण्यानं अंथरूण आवरून ठेवलेलं माझ्या जन्मात पाहिलं नाही," ती म्हणाली आणि एका झटक्यात तिनं चादर ओढून काढली. "बस तिथे."

नवी चादर उलगडली तशी धाकटी दुसरं टोक धरायला उठली.

"हात लावू नकोस. आज तू पाहुणी आहेस ना? मग पाहुण्यासारखी बस."

धाकटी खुर्चीत बसली. हात शिवशिवत होते, ते तिनं मांडीखाली घातले. बारा वर्षं एका मजल्यावर काम केलं, पण थोरलीला काम करताना असं बसून बघायची वेळ कधी आली नव्हती. चादरीचा कोपरा दुमडायला थोरली खाली वाकली ती उजव्या पायावर. डावा गुडघा तिनं वाकवलाच नाही. उठताना पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली, क्षणभर डोळे मिटले, मग उठली. असे चार कोपरे.

"गुडघा कधीपासून?" धाकटीनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे आईच्या वेळीसुद्धा?"

"तेव्हा जास्त होता. थंडी होती ना."

पाच खोल्यांचे वीस कोपरे, आणि ते अकरा दिवस. धाकटीला हिशेब पुढे करवेना. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापण्याइतकी.

"त्या दिवशी मी तुझं नाव घ्यायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली. "घ्यायला हवं होतंस." जाऊ दे, त्यात काय, असलं काही ती म्हणाली नाही.

धाकटीनं खोलीतला फोन उचलला. पुसायला सोडून तो तिनं कधी हातात घेतला नव्हता. शून्य दाबलं आणि मॅनेजर मागितला.

"तीनशे चौदातून बोलतेय. तुम्ही विचारलं होतंत, कसं जमवलं म्हणून. मी चुकीचं सांगितलं. थंडीत आई इस्पितळात होती तेव्हा अकरा दिवस माझ्या खोल्या थोरलीनं केल्या. खूण माझी होती, काम तिचं. बक्षीस एकटीचं नाही माझं."

पलीकडून मॅनेजर म्हणाला, "हे तुम्ही आत्ता का सांगताय?"

"आत्ताच जमलं."

"बरं. उद्या कामावर आलात की दोघी या माझ्याकडे."

तिनं फोन ठेवला. थोरली उशी पोटाशी धरून उभीच होती.

"आता बोलणी खाशील," ती म्हणाली. "मलाही खायला लावशील."

"खाऊ. दोघी मिळून."

"बक्षीसही काढून घेतील."

"काढून काय घेतील? बारा वाजत आलेच."

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते पुरतं येऊ दिलं नाही. तिनं घड्याळ बघितलं. खोलीला अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं उरली होती. नुकत्याच केलेल्या, एक सुरकुती नसलेल्या पलंगावर ती बसली. इतक्या वर्षांत दोघींपैकी कोणीही असं बसलं नव्हतं. चपला काढून तिनं दोन्ही पाय वर घेतले, डावा जरा हातानं उचलून.

"ती दुसरी उशी दे इकडे," ती म्हणाली. "गुडघ्याखाली घाल. नीट घाल, घाई करू नकोस."

धाकटी लगेच उठली.