पंडितचा शब्द

“आठे हात लाव भाऊ. लागनं का हाताले?”

पंडितने बॉनेटखाली वाकून बोट फिरवलं. इंजिनाच्या अंगावर, अगदी खाली, सहजी नजरेला पडणार नाही अशा जागी एक जाड, खडबडीत रेघ होती. जुन्या जखमेच्या वणासारखी.

“ब्लॉकले तडा पडेल शे,” कौतिक म्हणाला. “दोन सालपहिले वेल्डिंग करं. थंडीमा काही नही. पन उन्हाळामा वीस मैल झाया का पानी टाकनं पडस. नही टाकं ते बठ्ठं इंजिन जाई. आनि सामान ते मुंबईमा बी मियत नही.”

धुळ्याच्या एका वकीलसाहेबांच्या बंगल्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये दोघे ड्रायव्हर उभे होते. कौतिक साठीचा, ठेंगणा. तीस वर्षं याच घरी. पंडित जळगावच्या प्रेमचंद शेठच्या गाडीवर. शेठला आपली अँबॅसिडर देऊन ही विलायती गाडी घ्यायची होती. अदलाबदल, वर काही देणंघेणं नाही. वकीलसाहेबांना साक्री-शिरपूरच्या कोर्टात वेळेवर पोचवणारी गाडी हवी होती. आणि शेठला जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नाही अशी. वैशाखात चाळीसगावला साडूच्या मुलीचं लग्न होतं. तिथे त्याला या गाडीतून उतरायचं होतं.

“साहेबनी सांगेल व्हतं, बोलू नको,” कौतिक हळूच म्हणाला. “पन तू बी ड्रायव्हर शे. तुले खोटं कसं सांगू?”

मग पंडितने गाडी चालवून पाहिली. आग्रा रोडने सोनगीरपर्यंत. मरून रंगाचं लांबलचक बॉनेट पुढे पसरलेलं, आणि आत कसला म्हणून आवाज नाही. सोनगीरच्या थांब्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने तर कपाळाला हात लावून सलाम केला. मागे कोणी बसलेलं नव्हतं. सलाम पंडितला होता. पंचेचाळीस वर्षांत त्याला कोणी सलाम केला नव्हता. परतताना त्याने उगाच हॉर्न वाजवला.

जळगावला पेढीवर शेठ वाटच पाहत होता.

“बोल पंडित. तू हां म्हणशील तर हां. गाडीतलं मला काय कळतं?”

ते खरं होतं. ती अँबॅसिडर बारा वर्षं एकदाही रस्त्यात बसली नव्हती, आणि बारा वर्षांत पंडितचा शब्द शेठने एकदाही खाली पडू दिला नव्हता. टायर पंडितने सांगितले की बदलायचे, पेट्रोल पंडित सांगेल त्या पंपावर. ‘शेठ, इंजिन फुटलेलं आहे’, एवढंच सांगायचं होतं. बसमध्ये त्याने ते दोनदा मनाशी म्हणूनही पाहिलं होतं.

“चांगली आहे शेठ,” पंडित म्हणाला. “अशी गाडी पुन्हा मिळायची नाही.”

पाणी आपण टाकत जाऊ. त्यात काय? असं त्याने स्वतःला समजावलं.

आठ दिवसांनी गाडी आली, आणि गाडीबरोबर कौतिक आला. वकीलसाहेब अँबॅसिडर स्वतःच चालवणार होते. म्हाताऱ्याची सोय लावायची म्हणून त्यांनी शेठला पटवून दिलं, की या गाडीला कौतिकचाच हात लागतो.

“लग्न होईपर्यंत तो चालवील,” शेठने सांगितलं. “तू शेजारी बस, शीक.”

पंडित शेजारी बसला. त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, की आमचे आता विलायती गाडी चालवणार. बाया विचारायच्या तेव्हा ती आत निघून जायची.

कौतिक मात्र खुशीत होता. पहिल्याच दिवशी गाडी पुसता पुसता म्हणाला, “तुना शेठ मोठा मनना माणूस शे भाऊ. बठ्ठं माहीत व्हयीसन बी गाडी लिधी. माले बी कामवर ठेई लिधं.”

“हं,” पंडित म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूची काच पुसायला गेला.

लग्नाच्या दिवशी निघायलाच उशीर झाला. ऊन तापलं होतं. पाचोऱ्याला कौतिकने पाणी टाकलं. भडगाव जवळ आलं तसा उष्णतेचा काटा पुन्हा वर सरकला, आणि त्याने गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली.

“आता काय?” मागून शेठ ओरडला.

“पानी टाकनं पडी शेठ.”

“आत्ताच तर टाकलंस! मुहूर्त टळेल. चल, थांबायचं नाही.”

कौतिकने पंडितकडे पाहिलं. तू सांग, असं ते पाहणं होतं. पंडित खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिला. कौतिकने गाडी पुढे काढली.

कजगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ उसळली, मग आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, आणि गाडी जागच्या जागी बसली. मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या जीपा थांबल्या. फेटे बांधलेली माणसं उतरून भोवती गोळा झाली. कोणीतरी हसलंसुद्धा. कजगावहून मिस्त्री आला. वाकून त्याने पाहिलं आणि सरळ होत म्हणाला, “इंजिन गेलं. हे वेल्डिंग जुनं आहे शेठ. तुम्हाला फुटकी गाडी दिली कोणीतरी.”

शेठच्या रेशमी कोटावर घामाचे डाग पडले होते. तो कौतिककडे वळला.

“तीस वर्षं तुझ्या हातात होती. तुला माहीत नव्हतं?”

“माहीत व्हतं शेठ,” कौतिक चक्रावून म्हणाला. “म्या पंडितभाऊले सांगेल व्हतं. हात लाईसन दखाडं.”

सगळे पंडितकडे पाहू लागले. शेठने आवाज चढवला नाही. नेहमी टायरबद्दल विचारायचा, तसंच विचारलं.

“पंडित, सांगितलं होतं याने?”

रस्त्यावर डांबर वितळलं होतं. पंडितची चप्पल त्यात चिकटली होती.

“नाही शेठ.”

कौतिक भांडला नाही, देवाची शपथही घेतली नाही. शेठने त्याला तिथूनच घरी जायला सांगितलं. किल्ली घेऊन पंडितच्या हातावर ठेवली आणि एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून तो लग्नाला गेला. बाकीच्या जीपाही गेल्या. मिस्त्री बैलजोडी आणायला गावात गेला.

पंडितला काहीतरी करायला हवं होतं. तो रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेऊ लागला.

“थंडं व्हऊ दे,” मागून कौतिक म्हणाला. “आते उघाडशी ते तोंड भाजी.”

त्याने डिकीतून आपली पिशवी काढली. खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला, आणि कजगाव स्टेशनच्या दिशेने तो चालू लागला. उन्हात त्याची ठेंगणी आकृती बराच वेळ दिसत होती.

मग पंडित दार उघडून स्टिअरिंगमागे बसला. सीट कौतिकच्या उंचीला अगदी पुढे ओढलेली होती. पंडितचे गुडघे वर अडकले, स्टिअरिंग पोटाला लागलं. सीट मागे सरकवायची कडी हाताखालीच होती. बैलजोडी येईपर्यंत तो तसाच अवघडून बसून राहिला.