मुका झोका

आमच्याकडे सूड घ्यायचा दिवस ठरलेला असतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी माहेरी आलेल्या आणि अजून सासरी न गेलेल्या साऱ्या मुली गोमाई नदीच्या काठावर उभ्या राहतात, समोरच्या गावच्या मुली समोरच्या काठावर, आणि मधल्या वाळूवरून एकमेकींच्या गावाला गाण्यातून शिव्या घालतात. नियम दोनच. गाण्याला उत्तर गाण्यानेच द्यायचं, आणि ज्याच्या नावाने गाणं आलं त्याने रागवायचं नाही. ज्या गावाने उत्तर दिलं नाही ते हरलं. मग वर्षभर त्या गावच्या माणसांनी शहाद्याच्या एसटी स्टँडवर मान खाली घालून फिरायचं.

त्रेसष्ट साली मी तेरा वर्षांची होते आणि माझा सूड सरपंच चुनीलालकाकांवर होता.

भांडण उताराचं. शहाद्याला अब्राहाम मिस्तरी ट्रक दुरुस्त करायचे. नवापूरकडचा माणूस, बोलणं कमी. झिजलेल्या बेरिंगा ते आम्हाला देऊन टाकत. फळीला पुढे एक बेरिंग, मागे दोन, की झाली गाडी. अशा सात गाड्या होत्या आमच्या, मुलांच्या चार, मुलींच्या तीन. पण गाडी पळायला उतार लागतो, आणि आमचं गाव भाकरीसारखं सपाट. उतार एकच, सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनाचा. कापसाच्या बैलगाड्या वर चढवायला बांधलेला, लांबलचक, सिमेंटचा. जिनाची ती जागा पंचायतीकडे आलेली.

तेव्हा आम्ही अर्ज केला. संध्याकाळी दोन तास उतार पोरांना मिळावा. अक्षर माझ्या मैत्रिणीचं, रंजनाचं, कारण ती सातवीत पहिली. घरोघर फिरून बावन्न सह्या आणि अंगठे गोळा केले. धनीआजीने विचारलं, "आंगठा कसाले?"

"गाड्या खेळाकरता, आजी."

"मंग मीबी एक दिन बससू," म्हणाली आणि दोन्ही अंगठे उठवून दिले.

चुनीलालकाकांनी अर्ज उभा धरून वाचला. आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले. "अर्ज चांगला शे," म्हणाले. "गाड्या अठेच पंचायतमा ठेवी जा. कमिटी देखीन, मंग ठराव करसूत."

आम्ही सातही गाड्या पंचायतीच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि वर हात जोडून आभार मानले. गाड्या गेल्याचं दुःख पुढे निवलं, पण ते जोडलेले हात मला अजून खुपतात.

कमिटी बसली नाही. आठ दिवसांनी उताराला काटेरी तार लागली आणि वर काकांच्या मिरच्या वाळत पडल्या. विचारायला गेलं की ते म्हणत, "बठीन ना कमिटी. घाई काय शे?"

आखाजीच्या चार दिवस आधी आईने मला वाटीभर बिबड्या, ज्वारीचे पापड, देऊन त्यांच्याकडे पाठवलं. ओसरीत वत्सलाकाकी झोक्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांचा झोका म्हणजे गल्लीचं घड्याळ. काका जेवून त्यावर आडवे झाले की कुईकुई सुरू, गल्लीला कळायचं, दुपार झाली. त्या दिवशी झोका हलत होता आणि आवाज नव्हता.

मी वर पाहिलं. चारही कड्यांना बेरिंगा. एकीच्या कडेवर कानशीने मारलेली फुली. ती फुली मी मारली होती.

"आवाजवरी झोप नै लागे यास्ले," काकी म्हणाल्या. बाईच्या पोटात पाप नव्हतं. "चार लागन्यात, बाकीन्या डबामा शेतस. फळ्या बंबमा गयात. तू उभी का? बस ना झोकावर."

मी बसले. दोन झोके घेतले. खरं सांगायचं तर सुरेख चालत होता.

रंजना म्हणाली, मिरच्यांवर पाणी ओतू. मी म्हटलं, मग चोर आपण ठरू. मी नदी ओलांडून मामाच्या गावी गेले. माझी मामेबहीण तुळशी पलीकडच्या मुलींची म्होरकी. तिला मी सारं सांगितलं आणि गाणंही रचून दिलं.

तुळशीने विचारलं, "सोताना गावनी खोड कोन देस का वं?"

"मी दी ऱ्हायनू."

"मंग आमले काय?"

"उतार मियना तं तुम्हीबी या खेळाले."

आखाजीला आमच्या दरडीवर सारे पुरुष जमले. मधोमध काका, नवा फेटा बांधून. पलीकडून तुळशीचा आवाज आला, उन्हासारखा सरळ:

*चुनीलालना झोका मुका का वं माय?*
*सात गाड्या गिळी बठना, बोलीन ते काय?*

पलीकडे हसू फुटलं. आमच्याकडच्या बाया माझ्याकडे आणि रंजनाकडे वळल्या, कारण दरवर्षी उत्तर आम्हीच रचायचो.

"सुगंधा, ऊठ वं. जबाब दे."

"घसा बसना," मी म्हटलं आणि वाळूत बसले.

"मन्हाबी," रंजना म्हणाली आणि बसली.

मग सातही गाड्यांच्या घरच्या पोरी बसल्या. मग अंगठेवाल्या घरच्या. धनीआजी तर पाय पसरूनच बसली. गाणं दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदा आलं. गाव हरत होतं, आणि दरडीवरचा एकेक पुरुष आता नदीकडे बघायचं सोडून काकांकडे बघत होता. काकांना रागावता येत नव्हतं. नियम त्यांच्याही बापजाद्यांचा.

ते धोतर सावरत वाळूत उतरले.

"काय पाहिजे तुले?"

"अर्जमा लिखेल शे, काका."

"लोके हसी ऱ्हायनात, पोरी."

"कमिटी बठनी का?"

त्यांच्या ओठावर घामाचे थेंब होते. मला त्यांची कीव आली, पण फार नाही. "उतार दिधा," ते पुटपुटले.

"मोठाले म्हना. पल्याड ऐकू जावाले पाहिजे."

त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि ओरडून सांगितलं. पलीकडच्या पोरींनी गाणं थांबवलं.

मी त्याच क्षणी उठायला हवं होतं. गावाची लाज होती, सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मात्र तुळशीकडे बघून बोट फिरवलं, अजून एकदा. तिने ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा म्हटलं, काका माझ्या शेजारी उभे असताना. मग मी उठले, परकर झटकला, आणि पलीकडच्या पाटलाच्या मिशांवर असं उत्तर दिलं की आमचं गाव जिंकलं.

तिसऱ्या दिवशी वत्सलाकाकी आमची वाटी परत द्यायला आल्या. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते. वाटीत चार बेरिंगा होत्या, तेल लावून पुसलेल्या, आणि काखेत बाकीच्यांचा डबा. "आते यास्ले झोप नै लागे," त्या म्हणाल्या आणि हसल्या, की हसल्यासारखं केलं, मला कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात दुपारभर त्यांच्या घरातून कुईकुई ऐकू यायची. मी आमच्या ओसरीत गोधडी टाकून ती ऐकत पडायचे, आणि ऊन उतरून गाड्यांची वेळ होईपर्यंत मला इतकी गाढ झोप लागायची, इतकी गाढ, की आईला हलवून उठवावं लागे.