उजव्या कडेचा हात

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी चार माणसं जमायची आणि एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करायची. त्याला ते अभिप्राय म्हणत. दुकानाचा मालक हा त्या चौघांतला सगळ्यात जुना, सगळ्यात बोलका आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात सुमार फोटोग्राफर. सगळे त्याला कात्री म्हणायचे. कारण फोटो कुणाचाही असो, कसलाही असो, त्याचा सल्ला ठरलेला: इथून कापा. डोंगर आला की आभाळ कापा, आभाळ आलं की डोंगर कापा. एकदा मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेने बगळा टिपून आणला, तर कात्रीने त्याचे पाय कापायला लावले. तो बगळा पुढे कित्येक महिने बदक म्हणून ओळखला जात होता.

बरं, स्वतः काय दिवे लावत होता? अकरा वर्षं हा गृहस्थ डबक्यात पडलेल्या इमारतींच्या प्रतिबिंबांचे फोटो काढत होता. निवृत्त झालेल्या एक शिक्षिका मंडळात होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत. त्या त्याचा फोटो बघून दर वेळी म्हणायच्या, "प्रयत्न चांगला आहे." पस्तीस मार्कांवर ढकललेल्या मुलाला म्हणावं तशा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे बायकोने ऐकवायच्या आधी कात्री स्वतःच स्वतःला ऐकवून घ्यायचा. आपल्याला काढता येत नाही हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं. पण दुसऱ्याचं नेमकं कुठे कापायचं ते आपल्याला कळतं, ही समजूत त्याने घट्ट धरून ठेवली होती. माणसाला धरायला काहीतरी लागतंच.

चौथा होता बेकरीवाला. भट्टीवरून सरळ यायचा, भुवयांना मैदा तसाच. बोलणं कमी, आणि सांगितलेला सल्ला औषधाच्या चिठ्ठीसारखा पाळायचा. असा माणूस मिळाला की कात्रीसारख्याला चेव येतो.

एका रविवारी बेकरीवाल्याने पेनड्राइव्हवर एक फोटो आणला. त्याची म्हातारी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. उजेड गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेला, डोळे अर्धे मिटलेले. आणि उजव्या कडेने, चौकटीच्या बाहेरून, एक हात आत आलेला. मनगटापर्यंतच. हातात पाण्याचा पेला. इतका चांगला फोटो त्या खोलीत आजवर आला नव्हता. कात्रीच्या पोटात तर चक्क दुखलं. अकरा वर्षं डबकी धुंडाळून हाती काही नाही, आणि हा मैद्याचा गडी पहिल्याच वर्षी हे घेऊन येतो. मग काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "हात," तो म्हणाला, "हाताने घोळ केलाय."

त्याची एक पद्धत होती. फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, त्याच्यावरच लाल रेघ ओढायची, शेजारी शेरा लिहायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. तशी त्याने रेघ ओढली, वरून खालपर्यंत, बरोबर पेल्याला आणि बोटांना घासून. आणि माऊसने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: हा हात कापा. इथे याचं काही काम नाही.

बाई हळूच म्हणाल्या की त्यांना तो हात आवडतोय. कात्रीने त्यांना रचनेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. बेकरीवाल्याने मान डोलावली, घरी जाऊन हात कापला आणि कापलेला फोटो मूळ फोटोवरच साठवून टाकला. त्याच्या फोनमध्ये जागा कधी नसायचीच.

दोन महिन्यांनी सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात हौशी मंडळींचं प्रदर्शन भरलं, शनिवार-रविवार. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी दारासमोरच्या भिंतीवर बेकरीवाल्याचा फोटो लावायचं ठरवलं. कात्रीचं डबकं खांबामागे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ गेलं. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही, कारण शनिवारी सकाळपासून तो दारातच उभा होता आणि येईल त्याला सांगत होता, "मुळात इथे एक हात होता. मी काढायला लावला." जसा काही फोटो त्यानेच जन्माला घातला होता.

दुपारी बेकरीवाल्याची थोरली बहीण आली. शेजारच्या दोघी बायका बरोबर होत्या. फोटोसमोर उभी राहून तिने उजवीकडे पाहिलं. मग चौकटीच्या कडेकडे पाहिलं, काही चौकटीखाली सरकून झाकलं गेलंय की काय म्हणून. कात्री पुढे झालाच. इथे मुळात एक हात होता, त्याने सुरुवात केली, अगदी निरुपयोगी हात, सगळी रचना बिघडवत होता.

"तो माझा हात होता," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. बावीस वर्षं आईचं सगळं तीच करते, ती सांगत गेली. औषधं, अंघोळ, रात्रीचं उठणं, सगळं. घरात तिचा एकही फोटो नाही, कारण फोटोची वेळ आली की ती गॅसपाशी नाहीतर औषधाच्या कपाटापाशी असते. भावाने सांगितलं होतं, ताई, या वेळी तूही आहेस फोटोत. म्हणून तर शेजारणींना घेऊन आली होती. बेकरीवाला खाली मान घालून उभा होता. कापलंय हे तिला सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. सल्ला मिळाला, पाळला, संपलं.

"उद्या आईला आणणार होते," ती जाताना भावाला म्हणाली. "आता नाही आणत."

ती आणणार नाही म्हणजे आई येणार नाही, हे सरळ होतं. दुसरं कोण आणणार? आणि आईचा तो फोटो आईने पाहावा एवढ्यासाठी बेकरीवाल्याने दोन महिने वाट पाहिली होती. तो कात्रीला नेहमीसारखा नमस्कार करून भट्टीवर गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

कात्री दुकानाकडे पळाला. मूळ फोटो बेकरीवाल्याच्या फोनमधून गेलेला, पेनड्राइव्हवर आता केकची डिझाइनं. उरली होती ती फक्त कॉम्प्युटरवरची प्रत, लाल रेघेची, शेऱ्यासकट. गिऱ्हाइकांना परत पाठवून तो रेघ पुसायला बसला. एक सॉफ्टवेअर रेघ पुसून मागचं चित्र आपल्या मनाने भरून देतं म्हणे. दिलं. बायको डबा घेऊन आली होती, तिने सगळा प्रकार ऐकला आणि पडद्याकडे बघून बोटं मोजली.

"सहा आहेत," ती म्हणाली. "बिचारीला आधीच कामं कमी होती का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, कात्रीला वाटलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डब्याकडे बघवेना. सहा बोटांचा फोटो त्याने टाकून दिला, लाल रेघेचाच छापून घेतला आणि संध्याकाळी बेकरीच्या वरच्या घरात गेला.

बहिणीने दार उघडलं. आत आई झोपली होती. तिने फोटो दिव्याखाली धरला आणि शेरा सावकाश, मोठ्याने वाचला. इथे याचं काही काम नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"रेघ पुसता येत नाही?"

"पुसून पाहिली. सहा बोटं आली."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, फोटोतल्या. "मग असाच लावा," ती म्हणाली.

"ताई, सगळे वाचतील."

"मला वाचायला लागलंच ना."

रविवारी सकाळी सभागृह उघडायच्या आत कात्रीने स्वतःच्या हाताने कापलेला फोटो उतरवून हा लावला. लोक आले, थांबले, वाचले. हे कुठल्या शहाण्याने लिहिलंय, असं एकाने विचारलं. "मी," कात्री म्हणाला. मग दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. दातांचे डॉक्टर म्हणाले की अकरा वर्षांत त्याच्या कुठल्याही कामासमोर इतकी गर्दी जमलेली त्यांनी पाहिली नव्हती. बगळ्याचं उट्टं निघालं बहुतेक.

अकराच्या सुमारास आई आली. चाकांची खुर्ची बेकरीवाला ढकलत होता, बहीण बाजूने चालत होती. म्हातारीला फोटोच्या अगदी जवळ नेलं, तेव्हा कुठे तिला दिसायला लागलं. ती फोटोतल्या बाईकडे बघत राहिली.

"ही म्हातारी कोण?"

बेकरीवाल्याने बहिणीकडे पाहिलं. मग म्हातारीचं बोट काचेवरून सरकत उजवीकडे गेलं, लाल रेघ ओलांडली आणि थांबलं.

"हा हात माझ्या पोरीचा," ती म्हणाली. लगेच कुरकुरली, "पेला तिरका धरलायस गं. सांडेल."

"नाही सांडत, आई," बहीण म्हणाली. तिने खुर्चीशेजारी गुडघे टेकले. म्हातारीचं बोट काचेवरून उठेना, आणि दुसऱ्या हाताने ती चाचपडत लेकीचं मनगट शोधत होती.

कात्रीला भर सभागृहात रडू आलं. चष्मा काढून पुसता पुसता त्याला बाई जवळ उभ्या असलेल्या दिसल्या. आता या काहीतरी बोलणार म्हणून त्याने मान खाली घातली. पण बाईंनी त्याला नुसता बाजूला सारलं, कारण तो मधे उभा होता आणि मागच्या लोकांना त्या तिघांचं काही दिसत नव्हतं.